सांधा : घडीच्या चाकूच्या अभ्यासाची प्रस्तावना

चाकू हातात आला की माणूस आधी धारेवरून अंगठा फिरवतो. पोलाद कोणते, पाते किती लांब, धार किती दिवस टिकते हे त्याचे पुढचे प्रश्न. मूठ शिंगाची की लाकडाची, हा त्यानंतरचा. पाते मुठीला जोडले आहे कसे, हे सहसा कोणी विचारत नाही. सुरी, कोयता किंवा सत्तूर असेल तर ते विचारायचे कारणही नसते. पात्याचा दांडा मुठीत घट्ट बसवला की तो विषय संपतो. घडीच्या चाकूत मात्र विषय तिथेच सुरू होतो. पाते फिरले पाहिजे आणि डुगडुगताही कामा नये. उघडताना त्याने बोटाला साथ दिली पाहिजे, कापताना जागचे ढळता कामा नये आणि मिटल्यावर खिशात आपणहून उघडता कामा नये. एकमेकींच्या विरुद्ध जाणाऱ्या या मागण्या खिळीभोवतीच्या नखाएवढ्या जागेत पुऱ्या कराव्या लागतात. एकेका कारागिराने स्वतःच्या हाताने घडवलेले आणि संग्राहकांनी जपलेले घडीचे चाकू हा या पुस्तकाचा विषय आहे. त्याच्या दाराशी उभे राहून एकच गोष्ट सांगायची आहे. अशा चाकूची कारागिरी पात्यात असते त्याहून जास्त सांध्यात असते. त्याचा इतिहास, त्याची किंमत आणि त्याच्याविषयीचे कायदेसुद्धा सांध्याकडे पाहिल्याशिवाय नीट कळत नाहीत.

मराठी वाचकाला ही गोष्ट वाटते तितकी परकी नाही. ‘चाकू’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि तुर्की भाषेतला त्याचा भाऊबंद शब्द आजही खिशातल्या घडीच्या चाकूसाठीच वापरतात. बोरूने लिहिणाऱ्या कारकुनाला बोरू तासायला लहान चाकू जवळ ठेवावा लागे. इंग्रजीतल्या ‘पेननाइफ’ या नावातही पिसाची लेखणी तासण्याचेच काम दडलेले आहे. स्वयंपाकघरात पाते पाटावर आडवे मिटणारी घडीची विळी असते. तिची खीळ सैल झाली की नारळ खवताना पाते कलते, आणि मग धार कितीही चांगली असली तरी विळी बाजूला पडते. अडकित्त्याचेही तसेच. सुपारी फोडताना जोर पात्यावर दिसतो, पण त्याचा भार घेतो तो दोन दांड्यांचा जोड. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते पाहताना नजर मोर, घोडे आणि माणसांच्या आकृत्यांवर खिळते हे खरे. पण त्या आकृत्यांचे दोन भाग मिटताना एकमेकांवर बिनचूक येतात, ते जोड काटेकोर असल्यामुळे. सांधेवाल्या हत्याराचे मर्म आपल्या घरातल्या हातांना ठाऊक आहे. त्यावर लिहिले मात्र फार कमी गेले आहे.

घडीचा चाकू बराच जुना आहे. ऑस्ट्रियातील हालश्टाट येथे सापडलेला, हाडाची मूठ असलेला चाकू इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या सुमाराचा मानतात. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात रोमन काळातले एक चांदीचे साधन आहे. त्यात लोखंडी पात्याबरोबर चमचा, काटा आणि टोच्या अशा घडीच्या वस्तू आहेत. या सगळ्या जुन्या चाकूंत पाते केवळ घर्षणावर टिके. खीळ घट्ट ठोकलेली असली तर पाते जागेवर राही आणि ती झिजली की लटपटू लागे. पाठीला स्प्रिंग बसवून पात्याच्या बुंध्यावर तिचा दाब ठेवण्याची कल्पना इंग्लंडमधल्या शेफील्डच्या कारागिरांनी घरोघरी पोचवली, आणि पुढच्या काळात तिथला खिशातला चाकू जगभर गेला. शेफील्डच्या व्यवसायसंघाला १६२४ मध्ये कायद्याने मान्यता मिळाली होती. तिथे ‘लिटल मेस्टर’ म्हणजे एखाद-दुसऱ्या मदतनिसासह स्वतंत्रपणे काम करणारा छोटा मालक-कारागीर. घडणारा वेगळा, सहाणेच्या चाकावर घासणारा वेगळा आणि सारे भाग जुळवून चाकू उभा करणारा वेगळा, अशी तिथली विभागणी होती. यांतल्या शेवटच्याला ‘कटलर’ म्हणत, आणि साऱ्या धंद्याला नाव मिळाले ते त्याचेच.

पुढच्या दोन प्रसिद्ध चाकूंची गोष्टही हेच सांगते. स्वित्झर्लंडमधल्या इबाखच्या कार्ल एल्सेनर यांनी १८९१ मध्ये स्विस सैनिकांसाठी चाकू पुरवायला सुरुवात केली. त्यांचे नाव झाले ते मात्र १८९७ च्या ‘ऑफिसर’ चाकूमुळे. त्यात त्यांनी केले काय? पोलाद नवे नव्हते आणि पातीही नवी नव्हती. पाठीच्या एकाच स्प्रिंगवर मुठीच्या दोन्ही बाजूंची साधने तोलून धरायची, ही नवी गोष्ट होती. तेवढ्यामुळे जाडी न वाढवता बूच काढायचा पीळदार स्क्रू आणि जादा पाते त्यात मावले. फ्रान्सच्या साव्हुआ भागात जोसेफ ओपिनेल यांनी १८९० मध्ये केलेला चाकू त्याहून साधा होता. लाकडाची गोल मूठ, एक पाते, एक खीळ आणि पत्र्याची पट्टी, एवढेच. त्याची एक खोड जगजाहीर आहे : पावसापाण्यात लाकूड फुगले की पाते मुठीत अडकते आणि उघडता उघडत नाही. १९५५ मध्ये मार्सेल ओपिनेल यांनी त्यावर फिरती कडी बसवली. कडी वळवली की उघडे पाते मिटत नाही. या चाकूची कीर्ती शेतात, बाजारात आणि पुढे कलासंग्रहालयांतही पोचली, पण त्यातली मोठी सुधारणा पात्यात झाली नाही, गळ्याशी झाली.

हाताने घडवलेला साधा स्प्रिंगचा चाकू जवळून पाहिला की ‘सांध्याची कारागिरी’ हे शब्द पोकळ वाटत नाहीत. पात्याचा बुंधा पूर्ण गोल नसतो. त्याला ठरावीक जागी सपाट्या आणि कोपरे असतात. पाते उघडे असताना एक सपाटी स्प्रिंगला टेकते, मिटल्यावर दुसरी, आणि काही चाकूंत अर्ध्या वाटेवर, काटकोनात, तिसरी. या तिन्ही अवस्थांत स्प्रिंगची पाठ दोन्ही बाजूंच्या पट्ट्यांशी एका पातळीत आली पाहिजे, इतकी की पाठीवरून नख फिरवले तर कुठे अडू नये. यासाठी कारागीर पाते आणि स्प्रिंग एका पाटावर खिळींनी बसवतो, स्प्रिंगवर डायलचे मापक टेकवतो, पाते उघडतो, अर्धे मिटतो, पुरते मिटतो आणि काटा किती हलला ते पाहतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागांचा फरक दिसला तरी पाते काढायचे, बुंध्याची ती सपाटी दगडावर दोन-चार वेळा घासायची, पुन्हा बसवायचे, पुन्हा मोजायचे. जास्त घासले गेले तर परतीची वाट नाही. मिटलेले पाते पुरेसे आत बसले नाही तर त्याचे टोक मुठीबाहेर डोकावू लागते. टोक आत घ्यावे तर धार स्प्रिंगच्या आतल्या अंगावर आपटून बोथट होते. पात्याला पाणी देऊन ते रॉकवेल मापावर साधारण ५८ ते ६२ इतके कठीण ठेवतात, पण स्प्रिंग त्याहून मऊ ठेवावी लागते, नाहीतर ती वाकण्याऐवजी मोडते. एकाच चाकूत एक तुकडा धार टिकवण्यासाठी आणि दुसरा लवण्यासाठी, अशी दोन वेगळी पाणी द्यावी लागतात. हे सारे जमले की पाते स्वच्छ ‘टक्’ आवाज करत मिटते. अमेरिकेतले जाणकार याला पात्याची चाल आणि बोली म्हणतात, आणि चाकू विकत घेण्याआधी ती डोळे मिटून ऐकतात.

स्प्रिंगचा चाकू जोर लावला की मिटतो, म्हणून पाते अडवून धरणारा खटका आला. स्पेनच्या ‘नावाखा’ चाकूंत बुंध्याला दाते असत आणि पाते उघडताना ते एकामागून एक कटकट वाजत. अल्बासेते हे शहर या चाकूंसाठी आजही ओळखले जाते. आपल्याकडे उत्तर प्रदेशातील रामपूरच्या चाकूला खटक्याची अशीच ख्याती मिळाली. पण खटक्याच्या इतिहासातला सर्वांत उत्पादक काळ गेल्या पन्नासेक वर्षांचा आहे, आणि त्यातले बरेच शोध मोठ्या कारखान्यांत लागले नाहीत, एकट्या कारागिराच्या बाकावर लागले. अमेरिकेत मायकेल वॉकर यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘लायनर लॉक’ला आजचे रूप दिले. मुठीच्या आतली पातळ पट्टी कापून आत वाकवायची. पाते उघडताच ती उसळून बुंध्यामागे येते आणि त्याला मिटू देत नाही. याच पट्टीवर एक बारीक गोळी बसवून मिटलेले पाते हलकेच धरून ठेवायचे, हेही त्यांनी रुळवले. अशी पट्टी त्याआधीही काही अमेरिकी चाकूंत होती, पण तिच्यावरचा पूर्ण चाकू वॉकर यांनी उभा केला. दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत आलेल्या ख्रिस रीव्ह यांनी पुढे मुठीची संपूर्ण टायटॅनियमची बाजूच खटका म्हणून वापरली. त्यांच्या त्या चाकूचे नाव ‘सेबेंझा’. झुलू भाषेत त्याचा अर्थ काम. मॅकहेन्री आणि विल्यम्स या दोन कारागिरांनी आडव्या दांडीचा खटका शोधला, तो १९९८ मध्ये बेंचमेड कंपनीने बाजारात आणला. आज दुकानात मिळणाऱ्या कितीतरी कारखानी चाकूंचा सांधा कुठल्यातरी कारागिराच्या टेबलावर जन्मला आहे. स्वतंत्र चाकूकाराचे काम हौसेपुरते नसते, याचा याहून वेगळा पुरावा शोधायची गरज नाही.

खटक्याचे हे काम किती नाजूक असते तेही पाहू. लायनर लॉकमध्ये बुंध्याचा जो पृष्ठभाग पट्टीला टेकतो तो काटकोनात घासत नाहीत, सात-आठ अंशांच्या उतारावर घासतात. उतार असल्यामुळे पट्टी झिजली तरी ती थोडी पुढे सरकून पुन्हा घट्ट बसते. उतार जास्त झाला तर दाबाखाली पट्टी निसटते आणि पाते बोटांवर मिटते. उतार कमी झाला तर पट्टी चिकटते आणि चाकू मिटवायला दोन्ही हात लागतात. नव्या चाकूत पट्टी बुंध्याच्या साधारण पाव ते अर्ध्या रुंदीवर यावी, म्हणजे पुढच्या झिजेला जागा उरते. टायटॅनियम पोलादाला घासताना चिकटते, म्हणून काही कारागीर पट्टीच्या टोकावर विजेच्या ठिणग्यांनी कार्बाइडचा कठीण थर चढवतात. यातले काहीच बाहेरून दिसत नाही. छायाचित्रात पात्याची नक्षी उठून दिसते, खटक्याचा उतार दिसत नाही. आणि चाकूची पारख फोटोंवरून करण्याच्या दिवसांत हाच मोठा धोका आहे.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो जाणकारांचाच असतो. ते म्हणतात, चाकू कापण्यासाठी असतो. पाते हेच त्याचे काळीज, सांधा ही नुसती सोय. आधुनिक चाकूकारीचा इतिहासही वरवर पाहता त्यांच्या बाजूने आहे. १९७० मध्ये अमेरिकेत चाकूकारांचा ‘नाइफमेकर्स गिल्ड’ स्थापन झाला. त्या पिढीतले बॉब लव्हलेस यांनी पोलादाच्या पट्टीतून नको तेवढे घासून काढून पाते घडवण्याची पद्धत रूढ केली, आणि त्यांच्या शिकारी सुऱ्यांमुळे कारागिराच्या सहीला मोल आले. १९७३ च्या गिल्डच्या प्रदर्शनात विल्यम मोरन यांनी थरांचे पोलाद घडवून केलेल्या सुऱ्या मांडल्या आणि विस्मरणात गेलेली ती विद्या पुन्हा लोकांसमोर आणली. १९७६ मध्ये त्यांनी अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी सुरू केली. या संस्थेची परीक्षा प्रसिद्ध आहे. उमेदवाराने स्वतः घडवलेल्या सुरीने एक इंच जाडीचा मोकळा लोंबणारा दोर एका घावात तोडायचा, दोन बाय चार इंची लाकूड दोनदा तोडायचे, मग त्याच धारेने हातावरचे केस काढून दाखवायचे, आणि शेवटी पाते पकडीत धरून ९० अंश वाकवायचे. ते तुटता कामा नये. परीक्षा मोठी कसाची आहे यात शंका नाही. पण ती अखंड मुठीच्या सुरीची परीक्षा आहे. घडीच्या चाकूला ती लावताच येत नाही, कारण त्यात पात्याआधी सांधा हार मानेल. म्हणजे या परीक्षेतून आक्षेपच उलटतो. पात्याची कला तपासायची असेल तर सांधा नसलेली सुरी घ्यावी लागते. सांधा आला की कस लागण्याची जागा बदलते. चांगले पाते घडीच्या चाकूतही हवेच, पण आज चांगले पोलाद चाकूकाराला तयार पट्टीत आणि ठरलेल्या गुणांचे मिळते. चांगला सांधा विकत मिळत नाही.

पोलादाविषयीचे आकर्षण कुठे फसते हे सांगताना भारताचा संबंध खराखुरा येतो. बाजारात ‘दमास्कस’ म्हणून विकले जाणारे पोलाद बहुतेक वेळा दोन प्रकारच्या पोलादांचे थर भट्टीत एकत्र घडवून, आम्लात बुडवून नक्षी उठवलेले असते. ज्या थरात निकेल आहे तो चमकदार राहतो आणि दुसरा काळवंडतो. जुन्या दमास्कस तलवारींचे पोलाद वेगळे होते. ते दक्षिण भारतात मुशीत वितळवून केलेले, साधारण दीड टक्का कार्बन असलेले ‘वुट्झ’. हे नाव कन्नडमधल्या ‘उक्कु’ या शब्दावरून आले असावे असे मानतात. तेलंगणातील कोनासमुद्रम हे त्याच्या जुन्या केंद्रांपैकी एक. त्याची नक्षी थर जोडून आलेली नव्हती, ढेप थंड होताना आणि घडवताना आतूनच उमटत असे. अमेरिकी धातुशास्त्रज्ञ जॉन व्हरहोव्हेन आणि लोहार अल्फ्रेड पेन्ड्रे यांनी बरीच वर्षे प्रयोग करून दाखवले की या नक्षीमागे व्हॅनेडियमसारख्या धातूंचा अत्यल्प अंश असतो. हा इतिहास अभिमानाचा आहे. पण घडीच्या चाकूवरची नक्षी पोलादाचे थर कसे जोडले एवढेच सांगते. पाते किती कापेल आणि किती घट्ट बसेल याविषयी ती गप्प असते. नक्षीदार पाते आणि डुगडुगता सांधा असलेले कितीतरी चाकू ‘दमास्कस’ या एका शब्दावर विकले जातात.

मुठीच्या सामानाविषयी थोडक्यात सांगता येईल. शेफील्ड आणि जर्मनीतील झोलिंगेनच्या जुन्या चाकूंवर जे खडबडीत तपकिरी शिंग दिसते ते बरेचदा भारतातल्या सांबराचे आहे. सांबर दर वर्षी शिंगे टाकते आणि ती गोळा करून पाठवली जात. पुढे वन्यजीव कायद्याखाली ही निर्यात थांबली, म्हणून जुन्या सांबरशिंगी चाकूंची किंमत चढली. राळेत भिजवून दाबलेले कापडाचे थर, कार्बन फायबर, टायटॅनियम हे आजचे पर्याय. ते हवेतल्या ओलाव्याने फुगत नाहीत, त्यामुळे खीळ आवळली जात नाही. मुठीचे सामानही शेवटी सांध्याच्याच हिशेबात बसते. निव्वळ दिखाऊ चाकूंनाही हाच हिशेब लागू पडतो. जोसेफ रॉजर्स या शेफील्डच्या कंपनीने १८२२ मध्ये १,८२२ पात्यांचा ‘इयर नाइफ’ बनवला, आणि १८५१ च्या लंडनमधल्या महाप्रदर्शनासाठी ७५ पात्यांचा ‘नॉरफोक नाइफ’. असल्या चाकूने कोणी सफरचंद कापत नाही. पण त्या कारागिरांना आपली ताकद जगाला दाखवायची होती तेव्हा त्यांनी एकच मोठे पाते मांडले नाही, पंचाहत्तर सांधे मांडले.

दुसरा आक्षेप यंत्राचा. संगणकाने चालणारी यंत्रे आज हाताला जमणार नाही इतक्या बारकाईने भाग कापतात. मग हाताच्या चाकूला दहापट पैसे का द्यावेत? यातले पहिले विधान खरे आहे. कित्येक नामवंत चाकूकार स्वतः ही यंत्रे वापरतात, आणि ते लपवण्यात काही अर्थ नाही. पण यंत्र एकसारखे भाग देते. पाणी दिल्यानंतर पोलाद किंचित वाकडे होते, दोन स्प्रिंगा सारख्या लवत नाहीत, आणि भाग एकत्र आल्यावर उरणारा फरक शेवटी कोणाला तरी हाताने मिटवावा लागतो. कारखान्यात तो ठरलेल्या मर्यादेत चालवून घेतात. स्वतंत्र कारागीर तो चालवून घेत नाही, कारण चाकूवर त्याचे नाव असते. म्हणून ‘हाताचे की यंत्राचे’ या वादापेक्षा सांध्याची जबाबदारी कोण घेतो हा प्रश्न अधिक कामाचा. शेफील्डचे स्टॅन शॉ किशोरवयात या धंद्यात शिरले आणि सात दशकांहून जास्त काळ खिशातले चाकू बनवत राहिले. २०२१ मध्ये ९४ व्या वर्षी ते गेले. पाते, स्प्रिंग, मूठ, जुळणी ही सारी कामे ते स्वतः करत, आणि लोक त्यांच्या चाकूसाठी वर्षानुवर्षे थांबत. वाट पाहणाऱ्यांना हवी होती ती हमी : चुकले तर ते कोणाच्या हातून चुकले हे माहीत असण्याची. उलट बाजूही सांगितली पाहिजे. हाताने केले म्हणून चाकू चांगला ठरत नाही. सैल सांध्याचा, महागडा, सहीचा चाकू हा वाईट चाकूच असतो.

तिसरा आक्षेप नैतिक आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चाकू हे शस्त्र आहे. शस्त्रांचा संग्रह करणे म्हणजे हिंसेला सजवणे नव्हे काय? रामपुरी चाकू हिंदी चित्रपटांनी खलनायकाच्या हाती दिला आणि त्या गावाचे नाव दहशतीशी जोडले गेले. २०२३ मध्ये रामपूरच्या एका चौकात सुमारे वीस फुटी चाकूची प्रतिकृती उभी राहिली, पण तो घडवणाऱ्यांची दुकाने तोवर उतरणीला लागली होती. घडीच्या चाकूने गुन्हे झालेले आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरी कायदा कशाकडे बोट दाखवतो ते पाहावे. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्यानुसार तीन इंचांपर्यंत धारेचा घडीचा चाकू सार्वजनिक ठिकाणी जवळ बाळगता येतो. पण खटक्याने पक्का अडकणारा चाकू या सवलतीत बसत नाही, असा निकाल तिथल्या न्यायालयाने दिला. पाते तेच, लांबी तीच, फरक फक्त सांध्याचा. अमेरिकेचा १९५८ चा केंद्रीय कायदा बटन दाबताच उसळणाऱ्या पात्याबद्दल आहे. भारताच्या शस्त्रनियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, पण दिल्लीतल्या खटल्यांत ‘बटनदार’ आणि ‘गरारीदार’ (दातेरी खटक्याचा) चाकू हे शब्द येतात, आणि ते दोन्ही शब्द सांध्याचे आहेत. विरोधाभास असा की बोटे वाचावीत म्हणून कारागीर जो खटका बसवतो, त्याच खटक्यात कायद्याला धोका दिसतो. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर आहे. संग्राहकाने आपल्या गावचा नियम जाणून घ्यावा, चाकू घरात ठेवावा, आणि सांध्याची आवड हे रस्त्यावर चाकू बाळगण्याचे कारण ठरत नाही हे मान्य करावे. या पुस्तकात लढण्याचे तंत्र कुठेही आलेले नाही, ते त्यामुळेच.

शेवटचा आक्षेप संग्रहावरच आहे : जो चाकू कधी कापणारच नाही तो चाकू कसला? या आक्षेपात अर्धे सत्य आहे. डबीत बंद राहणारे, वर्षातून एकदा पुसले जाणारे आणि भाव चढला की विकले जाणारे चाकू पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या मालकांना चाकूपेक्षा त्याच्या भावाची जास्त माहिती असते. पण सगळी चांगली उदाहरणे वापरून झिजवली तर पुढच्या कारागिराने काय पाहून शिकावे? अडकित्ते संग्रहालयात गेले म्हणून सुपारी फोडायची थांबली नाही. उलट जुन्या लोहाराने जोड कसा साधला होता हे आज पाहायला मिळते ते त्या संग्रहामुळे. जो संग्राहक चाकू उघडतो, मिटतो, तेल देतो आणि सांध्यातला बदल टिपून ठेवतो, तो एक नमुना जपत असतो. जो काचेआडून नुसते पाते पाहतो, त्याच्या हाती निम्माच चाकू असतो.

पुढील प्रकरणे याच क्रमाने लावली आहेत : आधी घर्षणाचे चाकू, मग स्प्रिंगचे, मग खटक्याचे, आणि पोलाद, नक्षी व मुठी त्यानंतर. हा क्रम काहींना उलटा वाटेल, पण तो मुद्दाम ठेवला आहे. वाचकाला एकच विनंती. घरात घडीचा चाकू असेल, कितीही साधा, तर तो वाचताना जवळ ठेवावा. पाते उघडून टोकाशी धरावे आणि डावी-उजवीकडे हलकेच हलवून पाहावे. मग पाठीवरून नख फिरवावे. मग सावकाश मिटवून आवाज ऐकावा. धार त्यानंतर पाहावी.